खोगिराखालची मराठी

माथेरानला मोटारी वर जात नाहीत. दस्तुरी नाक्याला गाडी लावायची आणि पुढची तांबड्या मातीची वाट पायी नाहीतर घोड्यावरून धरायची. मी पायीच निघाले होते. वाटेत एका झाडाखाली चार-पाच घोडी दुपारची विसावली होती. त्यांतल्या एकाच्या तोंडाला घोडेवाल्यानं किंतानाची पिशवी अडकवलेली, पट्टा कानांमागून घेतलेला, नाकपुड्या आत गेलेल्या. पिशवीतून करकर चावल्याचा आवाज येत होता.

"काय घातलंय यात?" मी विचारलं.

"भरडा न् कोंडा, ताई. दुपारचा तोबरा."

मी तिथेच थबकले. हा शब्द मी जन्मभर ऐकत आले होते. घरात कुणी पानाने गाल फुगवून बोलायला लागलं की आजी म्हणायची, "आधी तोबरा थुंक, मग बोल." आम्ही पोरं तोंडात पोहे कोंबून पळायला लागलो की, "तोबरा भरू नका, ठसका लागेल." माझ्या समजुतीत तोबरा म्हणजे तोंडात मावेनासा झालेला घास, गालावर आलेला तो फुगवटा. आणि इथे तोबरा माझ्यासमोर एका घोड्याच्या कानाला लटकत होता. ती पिशवी होती. इतकी साधी गोष्ट मला पन्नाशीत कळली.

घोडेवाल्याला माझं कौतुक वाटलं असावं. त्यानं मला शेजारच्या घोड्याचं जीन उचलून दाखवलं. खाली जाडजूड गादी होती, जागोजाग टाके घातलेली, घामानं काळी पडलेली. "वर बसणाऱ्याला जीन दिसतं," तो म्हणाला, "पण सगळं काम हिचं. ही नीट भरलेली नसली तर दोन दिवसांत पाठ सोलून निघते. मग घोडं महिनाभर घरी."

आपल्या जुन्या घोडदळात या भरलेल्या गादीलाच खोगीर म्हणत. आत गवत, चिंध्या, लोकर, जे मिळेल ते दडपून बसवायचं. ती झाली खोगीरभरती. आज एखाद्या समितीत कामाची चार माणसं आणि शोभेची दहा घेतली की आपण म्हणतो, नुसती खोगीरभरती आहे. दहा पानांचा मजकूर तीस पानांवर नेला, खोगीरभरती. म्हणजे निरुपयोगी, जागा भरण्यापुरतं. शब्दाच्या जन्माकडे पाहिलं तर हा अर्थ मला अन्यायाचा वाटतो. भरतीचा माल चिंध्यांचा होता हे खरं, पण त्या चिंध्यांवर घोड्याची पाठ शाबूत राहायची आणि घोड्याच्या पाठीवर सगळी स्वारी. वाईहून निघालेला घोडा नर्मदेपार पोचायचा तो या चिंध्यांच्या जिवावर. भाषेनं मात्र मालाची किंमत पाहिली, काम पाहिलं नाही.

त्या दिवसापासून मला हा नाद लागला. कोश उघडायचे, बखरी चाळायच्या आणि आपल्या रोजच्या बोलण्यात पागेतलं काय काय राहून गेलंय ते पाहायचं. तलवारी, भाले, तोफा सापडतील असं वाटलं होतं. त्या सापडल्याही. पण घरात, स्वयंपाकघरात, भांडणात, पोरांना दटावण्यात जे शब्द सगळ्यांत खोल रुजलेत ते मोतद्दारांचे आहेत. घोड्याला खरारा करणारा, दाणा घालणारा, खोगीर कसणारा, तळ उठला की सामान बांधणारा जो माणूस, त्याचे. या माणसाचं नाव कुठल्याही बखरीत नाही. त्याचे शब्द मात्र माझ्या आजीच्या तोंडी होते, आणि तिनं उभ्या आयुष्यात घोड्याला हात लावला नव्हता.

तिचा एक आवडता वाक्प्रयोग होता. संध्याकाळी दिवेलागणीला ती अंगणात येऊन म्हणायची, "चला, गाशा गुंडाळा आता." आम्ही गोट्या, भोवरे, सागरगोटे गोळा करून घरात जायचो. कुणी भाडेकरू वाडा सोडून गेला की "त्यानं गाशा गुंडाळला". धंदा बुडाला, दुकान बंद झालं, तरी तेच. गाशा म्हणजे जिनावर घालायचं कापड. शब्द मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आलेला. घोडा सोडला की गाशा काढून पसरायचा, निघायचं ठरलं की झटकून गुंडाळायचा. त्या एका कृतीत सगळा मुक्काम उठल्याचं कळायचं. घोडे गेले, मुक्काम गेले. आमच्या अंगणात गुंडाळायला कापडाची चिंधीही नव्हती. तरी आजी गाशा गुंडाळायला सांगायची आणि आम्हाला नेमकं काय करायचं ते कळायचं.

कावा हा शब्द तर मी लहानपणापासून गनिमासकट पाठ केलेला. चौथीच्या इतिहासात गनिमी कावा आला की तो तसाच्या तसा घोकायचा. गनीम म्हणजे शत्रू हेही अरबीच, आणि मोगलांच्या कागदांतून मराठ्यांना उद्देशून हा शब्द सारखा येतो. शत्रूनं ठेवलेलं नाव आपण आपल्या युद्धतंत्राला अभिमानानं लावून टाकलं. पण माझं लक्ष अडकलं ते दुसऱ्या शब्दात. कावा म्हणजे घोड्याला गोल फिरवणं. नव्या घोड्याला लगामाची सवय लावताना त्याला रिंगण धरून पळवतात, कधी डाव्या अंगानं, कधी उजव्या. तो कावा. मग रणात हुलकावणी देऊन वळणारा घोडा, मग हुलकावणी हीच, आणि शेवटी कावेबाज माणूस, ज्याच्याकडे घोडाही नाही. शेजाऱ्यानं बांध कोरला की आमच्याकडे म्हणतात, "लई कावेबाज हाय." त्या वाक्यात एक घोडं अजून गोल फिरतंय.

असे शब्द एकदा दिसायला लागले की रस्त्यानं चालणं कठीण होतं. मजल म्हणजे एका दिवसाची चाल, एका मुक्कामापासून पुढच्या मुक्कामापर्यंतची. आपण शिक्षणात मोठी मजल मारतो. शब्द जिथून आला त्या मंझिलचाच घराचा मजलाही झाला. बिनी म्हणजे सैन्याची आघाडीची तुकडी. नाटकातला मुख्य नट बिनीचा शिलेदार होतो. एकांडा शिलेदार निवडणुकीला उभा राहतो. कुणी बेलगाम बोलतं, कुणी चौखूर उधळतं, कुणी नव्या नोकरीत मांड ठोकतं.

शिलेदार आणि बारगीर यांतला फरक मला मोठा वाटतो. शिलेदाराचा घोडा आणि हत्यार त्याचं स्वतःचं. बारगिराला दोन्ही सरकारी पागेतून मिळायचं. कृष्णाजी अनंत सभासदानं, शिवछत्रपतींच्या निधनानंतर काही वर्षांनी, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला बखर लिहिली. तीत पागेची रचना दिली आहे: 25 बारगिरांवर एक हवालदार, अशा पाच हवाल्यांवर एक जुमलेदार, आणि दर 25 घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. हे वाचताना मी दोनदा मागे आले. राज्याचा एवढा पसारा सांगताना सभासदाला पाण्याची पखाल वाहणारा आणि नाल ठोकणारा आठवला, मोजून आठवला. नालबंद, पखाली ही आडनावं आजही आपल्याकडे आहेत. आणि 25 घोड्यांचा तो हवालदार आजही चौकीत बसतो. पाठीमागे घोडा नाही एवढंच.

शिवाजी महाराजांच्या हयातीत रघुनाथपंत हणमंत्यांनी त्यांच्या आज्ञेनं राज्यव्यवहारकोश केला. फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, त्यात सैन्याच्या शब्दांचा वेगळा वर्गही केला. काम मोठ्या दृष्टीचं होतं. दरबारात काही शब्द बदललेही, पेशवा पंतप्रधान झाला, सुरनीस सचिव झाला. पण बारगीर बारगीरच राहिला आणि खोगीर खोगीरच. पहाटे काळोखात घोडं कसणाऱ्याला हाताशी असलेला शब्द लागतो. त्यानं कोश वाचलेला नसतो.

बारगीर हा शब्द पुढे कुठवर गेला ते कळल्यावर मला दोन दिवस अस्वस्थ वाटत होतं. 1741 नंतरची दहा वर्षं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर स्वाऱ्या करत राहिल्या. बारगीरचं तिथे बर्गी झालं. बंगालमध्ये आजही आया बाळाला झोपवताना बर्गी देशात आल्याचं गातात. धान पाखरांनी खाल्लं, आता सारा कशानं भरायचा, असं त्या अंगाईत पुढे येतं. आपण ज्या शब्दाचे पोवाडे ऐकले तो शब्द तिकडे पाळण्यापाशी भीती म्हणून उभा आहे. शब्दाचं मूळ शोधायचं तर त्याची ही बाजूही पाहिली पाहिजे, निदान मला तरी ती टाळता येत नाही.

कारण घोडं दाणा खातं, आणि दाणा कुणाच्या तरी शेतातून येतो. हे शिवाजी महाराजांना पुरतं ठाऊक होतं. 1670च्या दशकात चिपळूणजवळ लष्कराचा तळ असताना त्यांनी जुमलेदार, हवालदारांना लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. सगळं पत्र दाणा, वैरण आणि आग याबद्दल आहे. साठवलेला दाणा आणि गवत आत्ताच हवं तसं उधळलं तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी मरतील, ती तुम्हीच मारल्यासारखी होतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरातून धान्य, भाकरी, गवत, भाजी उचलाल, आणि कुणब्यांना वाटेल, यापेक्षा मोगल परवडले. रात्री दिवे जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल. एका राजानं उंदरापर्यंत विचार केला होता. मी हे पत्र आईला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "घर चालवलेल्या बाईसारखं लिहिलंय." मला याहून चांगलं वर्णन सुचत नाही.

आता बुणगे. या शब्दाबद्दल मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे.

बाजारबुणगे असा शब्द आपण किती सहज टाकतो. सभेला आलेली रिकामटेकडी गर्दी, नेत्यामागची पोरं, लग्नातले आगंतुक, सगळे बाजारबुणगे. फारसीत बुनगाह म्हणजे सामानसुमान, सैन्यामागचा बोजा. मराठीत आल्यावर तो बोजा माणसांचा झाला. लष्कराबरोबर जे लढत नसत पण चालत असत ते बुणगे: वाणी, तांबोळी, लोहार, चांभार, भिस्ती, आचारी, मोतद्दार, तंबू ठोकणारे, त्यांच्या बायका, त्यांची लेकरं. लष्कराचा बाजार हे चालतं गाव असायचं. ज्या तोबऱ्यापासून मी सुरुवात केली तो शिवणारा आणि भरणारा या गर्दीतलाच.

पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या लष्कराबरोबर अशी माणसं लढणाऱ्यांच्याही बरोबरीनं, किंबहुना जास्तच होती. तीर्थयात्रेला निघालेली कुटुंबंही त्यात होती. हा बुणग्यांचा पसारा सोबत नसता तर लढाई वेगळी झाली असती, असं मी शाळेपासून ऐकत आले. सैन्याच्या हिशेबानं ते बरोबर असेल. पण नोव्हेंबर 1760 पासून तो तळ अडकून पडला, डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद आटली. तेव्हा त्या तळावर आधी उपाशी कोण राहिलं असेल? 14 जानेवारी 1761च्या संध्याकाळपर्यंत सैन्य मोडलं. दुसऱ्या दिवशी तळावर सापडलेल्यांची कत्तल झाली, बायका-मुलं धरून नेली. जी माणसं जीव घेऊन दक्षिणेकडे निघाली त्यांना सूरजमल जाटाच्या मुलखात अन्न-वस्त्र मिळालं. पडलेल्या सरदारांची नावं आपल्याला पाठ आहेत. बुणग्यांची कुणी नोंद ठेवली नाही, आणि त्यांच्या नावाचा शब्द आपण तुच्छतेसाठी ठेवून घेतला. मी तो आता वापरत नाही. सवयीनं ओठांवर येतो, मग दुसरा शोधते.

पानिपताचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते: लढाई मकरसंक्रांतीला झाली, म्हणून आपल्याकडे "संक्रांत कोसळली" म्हणतात. मी स्वतः ही गोष्ट मुलांना सांगितली आहे, त्याची मला खंत वाटते. लढाईची तारीख 14 जानेवारी, संक्रांतीची तारीख 14 जानेवारी, जोड इतकी चपखल बसते की कुणी तपासत नाही. पण संक्रांत इंग्रजी तारखेला कायमची बांधलेली नाही, साधारण सत्तर वर्षांत ती एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा, आणि ती तारीख होती 12 जानेवारी 1863. त्याच्याही शंभर वर्षं मागे जा. 1761 साली संक्रांत 10 जानेवारीच्या आसपास येऊन गेली होती. लढाईच्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती, बुधवार होता, सण नव्हता.

मग संक्रांत वाईट का? उत्तर आपल्या पंचांगातच आहे, दरवर्षी छापलेलं. संक्रांत ही देवी आहे. यंदा तिचं वाहन कोणतं, वस्त्र कोणत्या रंगाचं, हातात काय, ती काय खाते, कुठून येऊन कुठे जाते, कुठल्या दिशेला पाहते हे त्यात दिलेलं असतं. ती ज्या गोष्टी धारण करते त्या महाग होतात किंवा नाश पावतात, आणि ज्या दिशेला पाहते तिकडे संकट, असा समज. आमच्या आळीत पंचांग वाचायला गुरुजी आले की बायका पहिला प्रश्न विचारायच्या, "यंदा संक्रांत कशावर हाय?" पिवळं नेसली असेल तर हळद महागणार म्हणून आधीच भरून ठेवायच्या. संक्रांत कशावर तरी बसते, कुणावर तरी येते. तिला त्यासाठी पानिपतापर्यंत जावं लागत नाही. पानिपताचं दुःख इतकं मोठं होतं की त्यानं आजूबाजूचे शब्दही स्वतःकडे ओढून घेतले असतील, हे मी समजू शकते.

या सगळ्या शोधात एक शब्द मी मुद्दाम शेवटपर्यंत उघडला नव्हता. तो माझ्या आत्याचा आहे.

आत्या चोविसाव्या वर्षी विधवा होऊन कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या घरी परत आली. पदरात एक मुलगा. आजोबांनी तिला दोन एकर कसायला दिले आणि ते तिनं खरंच कसले. पाटाच्या पाण्याची पाळी रात्री दोनला आली तर कंदील घेऊन एकटी जायची. बैलगाडी हाकायची. सातबाऱ्यावर नाव चढवायला तलाठ्याकडे सात खेपा घातल्या, आणि आठव्या खेपेला त्याच्या दारात बसून राहिली. गावात आणि भावकीत तिला एक नाव पडलं, ढालगज. तोंडावर कुणी म्हणायचं नाही. चुलत आजोबा एकदा माझ्या वडिलांना म्हणाले, "तुझी बहीण म्हणजे ढालगज भवानी आहे. पोरींना तिच्या नादी लावू नको." मी दाराआड होते. मला अर्थ कळला नाही, पण शिवी आहे हे कळलं. पुढे आईला विचारलं तर ती म्हणाली, "तो शब्द परत उच्चारायचा नाही."

मीही उच्चारला नाही. कोशात ड या अक्षराच्या आसपास किती वेळा गेले, पण ढ वर थांबले नाही. गेल्या चैत्रात एका दुपारी थांबले.

ढाल म्हणजे वार अडवायची ढाल, हे सगळ्यांना माहीत. पण जुन्या मराठीत ढालीचा आणखी एक अर्थ आहे, सैन्याचं मोठं निशाण. जत्रेतली ढालकाठी आठवा, ती निशाणाचीच काठी. आणि ढालगज म्हणजे ते निशाण पाठीवर घेऊन सैन्याच्या पुढे चालणारा हत्ती. फौजेला निशाण दिसत राहिलं पाहिजे म्हणून सगळ्यांत पुढे, सगळ्यांत उंच. नंतरच्या ओळीत दुसरा अर्थ होता, धीट, पुरुषासारखी पुढे होणारी बाई.

मी कोश मिटला नाही. तसाच उघडा ठेवून आत्याला फोन लावला. ती आता ब्याऐंशी वर्षांची आहे, कानाला कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्यानं बोलावं लागतं. इकडचं तिकडचं झालं. हरभरा निघाला का, सुनेचं दुखणं कसं आहे. मग मी तो शब्द मोठ्यानं उच्चारला. आईनं घातलेली बंदी त्या क्षणी मोडली.

पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

"मला लहानपणापासून माहीत आहे, आत्या."

"मला बी," ती म्हणाली. "म्हणायचे लोक. विहिरीवर गेले की बायका गप व्हायच्या. मी मनावर नाही घेतलं, पण घेतलंच की."

मी तिला हत्तीचं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा तिला वाटलं मी तिची समजूत काढतेय. दुसऱ्यांदा मी कोशातल्या ओळी शब्द न् शब्द वाचल्या. वाचताना माझाच आवाज बदलला, तर ती म्हणाली, "सावकाश वाच." मी सावकाश वाचलं. सैन्याच्या पुढे. निशाण घेऊन. हत्ती.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मागे त्यांच्या गोठ्यात म्हैस हंबरल्याचा आवाज आला, कुणीतरी बादली ठेवली.

"का गं," आत्या म्हणाली, "ते निशाण लई मोठं असायचं का?"